दुसरा भाग सेलूला आलाच नाही

सिनेमे पाच होते म्हणे.
सेलूच्या टॉकीजला एकही लागला नाही.
आमच्याकडं आली ती त्यांच्यावरची गेम,
तीही तीनच कॅसेटी: पहिला, तिसरा, चौथा.
ज्या डब्यावर त्या चालायच्या, दुसऱ्या कशावरच नाही,
तो राखाडी डबा अख्ख्या तालुक्यात एक,
अन्वर मिस्त्रीच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात,
गोणपाटाच्या पडद्यामागं,
अर्ध्या तासाला दोन रुपये.

कॅसेट लागली नाही की मिस्त्री ती उपसून काढायचे
आणि पोराच्या खरचटल्या गुडघ्यावर घालावी तशी
हलकी फुंकर घालायचे.
जोरात नाही मारायची, म्हणायचे, थुंकी जाते आत.

पहिल्या भागाच्या शेवटी सगळे यानात बसून निघतात.
तिसरा सुरू होतो
तेव्हा कप्तानाचा एक हात लोखंडाचा
आणि स्वयंपाकीण गायब.
मधे काय झालं, कोणाला विचारायचं?
आम्हीच रचलं.
सुकेशनी म्हणाली, हात मळणीयंत्रात गेला असंल.
आमच्या गल्लीत दोघांचा गेला होता.
आणि स्वयंपाकिणीला मुकादमानं उचल देऊन नेलं,
ती दिवाळीनंतर गेली, पाडव्याला येईल.
मुकादम म्हणजे तो, उंच ओट्यावर उभा राहून
नुसतं बोट दाखवणारा.
त्याचं इंग्रजी नाव खाली लिहिलेलं यायचं.
वाचता यायचं आम्हाला. पण कामून वाचावं?
दारं उघडून देणारा बुटका यंत्रमानव होता,
त्याचं नाव टमरेल.

डब्यात काही साठत नव्हतं.
लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून,
आणि उन्हाळ्यात लाईट दुपारी दोनला जायची.
मिस्त्रीचं दुकान बाराला उघडायचं.
शेवटच्या पातळीला पोचायला सुकेशनीला
एक तास पन्नास मिनिटं.
तिला पैसे पडत नसत, ती कॉइल गुंडाळून द्यायची.
मी नुसता शेजारी बसायचो,
घड्याळाकडं बघायला.

उरलेल्या दहा मिनिटांत एक दार.
टमरेल अल्याड दांडा दाबून धरतो,
दार वर जातं.
दांडा सोडला तर दार पडतं,
धरून ठेवला तर तो येऊ शकत नाही.
पल्याड यान उभं, इंजिन सुरू.

सुकेशनी निघायचीच नाही.
अगं चल, दोन वाजायलेत!
थांब, म्हणायची, काहीतरी असंल,
करणाऱ्यानं कुठंतरी ठेवलं असंल काहीतरी.
आणि परत फिरून भिंतीला ठोसे मारत राहायची,
एक वीट, मग तिच्या शेजारची.
एवढ्यात पडदा आक्रसून ठिपका व्हायचा,
वरचा पंखा दमत दमत थांबायचा
आणि अंधारातून मिस्त्री म्हणायचे,
उद्या डावीकडून बघ, बेटा.

परवा, पंचवीस वर्षांनी,
जालन्याच्या रोलिंग मिलमधून रात्रपाळी करून आलो
आणि फोनवर तिसरा सिनेमा लावला.
दार आलं. दांडा आला.
कप्तान गेला.
मागं वळून बघितलंही नाही त्यानं,
चार सेकंद असतील, मी पुन्हा लावून मोजले.
वाजंत्रीसुद्धा थांबली नाही.

मग दुसराही बघितला.
हात मळणीयंत्रात गेला नव्हता,
भलतंच काहीतरी होतं.
सकाळपर्यंत विसरलो.

सुकेशनी आता मानवतकडं सबस्टेशनला ऑपरेटर आहे.
आमच्या त्या गावांची लाईट
आता दुपारी तीच काढते, तीच देते.
तिला फोन लावला, सगळं सांगितलं.
मागं ट्रान्सफॉर्मर घुमत होता.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, डावीकडची भिंत बघितली का त्यानं?
नाही.
बघितलीच नाही?
नाही गं.
हां, म्हणाली. थांब जरा,
फीडर घ्यायचाय.