होकायंत्राखालची वायर

डिसेंबरात तीन रात्री आमची होडी चुकली.
बेलापूरचे उंच मनोरेसुद्धा पुसून टाकणारं धुकं,
न्हाव्याला वळसा घालून उत्तरेला तोंड केलं
की दिवाळ्याचं बंदर राहायचं बाजूला
आणि नाळ जाऊन रुतायची तिवरांच्या गाळात.
"सुई येडी झाली," बाबा म्हणाले.
राघोकाकाला वाटलं, नवस राहिला असेल.
आईला काय वाटलं ते कळलं नाही,
ती वितळलेल्या बर्फातले बोंबील मोजत होती.

दिवसा मात्र सुई शहाणी.
हे मला खटकलं.

रविवारी ओहोटी लागायच्या आधी
मी होकायंत्रापुढे मांडी घालून बसले.
होडीचं तोंड उत्तरेला, सुईचंही.
पुढचा दिवा लावला.
सुई दचकली, वळली, तिरकीच थांबली.
विझवला. परत घरी.
लावला. पुन्हा तिरकी.
दहा वेळा केलं, अकराव्यांदा बाबांना हाक मारली.

दिवाळीत बसवलेला तो नवा हॅलोजन,
त्याची एक वायर फळीखालून, होकायंत्राच्या पोटाखालून पुढे,
दुसरी पलीकडच्या काठाने मागे.
तांब्याची वायर. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही,
हे मी पाचवीपासून ऐकत आलेय.
पण त्यातून वीज वाहू लागली
की तांबंही सुईला हाक मारतं.

दिव्याची टोकं बॅटरीला उलटी लावली.
दिवा तेवढाच लख्ख, त्याला काय,
वीज इकडून येवो की तिकडून.
सुई मात्र या खेपेला दुसऱ्या अंगाला वळली.

मग दोर सोडून होडी पूर्वेकडे फिरवली
आणि दिवा लावूनही सुई ढिम्म!
इथे मी अडकले. संध्याकाळपर्यंत अडकले.
आईच्या हातातली बांगडी बघताना सुटले:
वायर म्हणजे मनगट,
तिची ओढ मनगटाच्या दिशेने जात नाही,
भोवती गोल फिरते, बांगडीसारखी.
वायर उत्तर-दक्षिण असली तर ओढ सुईला आडवी,
पूर्व-पश्चिम असली तर सुईच्याच रेषेत,
मग ती वळेल कशाला?

"हे ठीक," बाबा म्हणाले, "पण धुक्यात काय करू?"

दोन्ही वायरी एकत्र आणल्या,
जाणारी आणि येणारी,
पिळून पिळून दोन पेडांचा दोर केला.
एकीची बांगडी उजवीकडे, दुसरीची डावीकडे,
दोघींनी एकमेकींना पुसून टाकलं.
दिवा लागला.
सुईला पत्ताही नाही.

तुर्भ्याच्या नाक्यावर अन्वरचाचा मोटारी वाइंड करतात.
त्यांना विचारलं, विजेने सुई हलते,
तर चुंबक हलवून वीज मिळेल?
त्यांनी गुंडाळी दिली, मीटर दिला,
फुटक्या स्पीकरमधला चुंबक दिला आणि चहा प्यायला गेले.
चुंबक गुंडाळीत ठेवला. शून्य.
दाबून ठेवला. शून्य.
कंटाळून उपसला,
तेव्हा मीटरचा काटा टुणकन उडाला.
आत ढकलला, उलटा उडाला.
थांबले की शून्य.
चाचा परत आले, म्हणाले,
"ठेवून नाही मिळत, बेटा. हलवत राहावं लागतं.
तुझ्या बाबांच्या इंजिनावरचा डायनॅमो दुसरं काय करतो?
तोच बॅटरी भरतो,
बॅटरी दिवा लावते, दिव्याची वायर सुई चुकवते."
सगळं एकाच घरातलं भांडण, मला वाटलं.

त्या रात्री होडी सरळ बंदरात लागली.
बाबांनी फळीवर खिळ्याने कोरलं: इथं वायर नको.
मग बराच वेळ होकायंत्राकडे बघत राहिले.
"जुई, वायर काढली,
तरी ही उत्तरेला का बघते गो?
तिकडं खाली कुणाची वायर हाय?"

पाणी होडीला हळूच थापटत होतं.
मी म्हटलं, उद्या शाळेत विचारते.
खरं तर विचारून झालं होतं.
बाई म्हणाल्या होत्या, पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड फिरतंय,
बाकीचं वरच्या वर्गात.
पण बाबांना ते सांगायचं
तर आधी मला पटायला हवं होतं.