तेवीस किलो

आत्या गेली मंगळवारी, लेस्टरला.
तिथल्या स्मशानाने तारीख दिली पुढच्या गुरुवारची,
दुपारी दोन वीस.
"दातांच्या डॉक्टरसारखी," बाबा म्हणाले.
आपल्याकडे वैकुंठात संध्याकाळ होऊ देत नाहीत.

नऊ दिवस मिळाले. त्यात व्हिसा,
लक्ष्मी रोडवरून लोकरी मोजे,
आणि देवघरातला गंगेचा गडू फोडून
शंभर मिलीच्या शाम्पूच्या बाटलीत ओतलेलं पाणी.
बाटली तीनदा धुतली,
तरी जरा गुलाबाचा वास येतोच.

बॅग काट्यावर: तेवीस किलो सहाशे.
आईने बाकरवडी काढली. परत ठेवली.
"तिनेच मागितली होती दिवाळीत."
मग काढले बाबांचे बूट.

लिफ्टमध्ये ढमढेरे.
"वा, सहकुटुंब! फॉरेन टूर का?"
बाबा दारावरचे आकडे बघत राहिले,
चार, तीन, दोन.
"हो," म्हणाले, "बहिणीकडे."

चांदणी चौक मागे पडला,
टोल गेला, घाट आला,
आई पेंगायला लागली.
तेव्हा काचेकडे तोंड करून एवढंच बोलले:
वीस वर्षं म्हणत होती, दादा, ये की एकदा.
मी म्हणायचो,
बघू.