लेबल

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
टॉवेलच्या कोपऱ्याला लेबल शिवायचं माझं काम.
दिवसाला आठशे.
त्यावर निळ्या अक्षरात एकच शब्द: ॲब्सॉर्बंट.
सहा वर्षं मी तो उलटाच पाहिला,
सुईखाली लेबल उलटं सरकतं म्हणून.

शेजारच्या मशीनवर बालामणी येमूल.
सुट्टीत कडक भाकरी शेंगाचटणीत मोडत म्हणाली,
पोरगी विचारते, त्यावर लिहिलंय काय?

सुपरवायझर कोनापुरे, बारावी सायन्स.
मोबाईलात बघून म्हणाला, शोषक.

बालामणी ठसका लागेस्तोवर हसली.
तिची आई विड्या वळायची,
लाल बावट्याच्या सभेला हिला कडेवर घेऊन जायची.
शोषक म्हणजे कोण
हे हिला दात येण्याआधीपासून पाठ.
"म्हणजे मालकाचं नाव शिवतो होय गं आपण,
रोज आठशे वेळा?"

कोनापुरे कानापर्यंत लाल.
"तसं नव्हे ओ. पाणी पिणारा."
"नीळ्ळु तागेदि," ती पुटपुटली,
मग टॉवेल चिमटीत धरून,
"पण हा कुठं पितो?"

खरंच की.
कोरा टॉवेल पाणी अंगावरून नुसतं ढकलतो.
तीन-चार धुण्यांत खळ निघेपर्यंत
लेबल खोटं बोलत असतं.

आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी, तोही रात्री दोनला.
त्या रात्री पिंप भरून वाहिलं.
मी जुना सेकंडचा टॉवेल फरशीवर टाकला,
सांडलेलं टिपलं, बादलीत पिळलं,
पुन्हा टिपलं.
आणि तिथंच, गुडघ्यावर, शब्द सापडला.
टिपणारा.
चिमणी दाणे टिपते तसा.
माझी सासू लग्नात कोण काय बोललं
ते टिपून ठेवायची, तसाही.

सकाळी बालामणीला सांगितलं.
तिनं पिशवीतून पोरीची वही काढली.
शब्दाचा वाक्यात उपयोग करा.
पोरीनं इंग्रजीत लिहिलं होतं:
माझी आई ॲब्सॉर्बंट आहे.
बाईंनी लाल पेनानं गोल केलेला,
बाजूला शेरा: माणसाला लागत नाही.

"चूक आहे का गं?" बालामणीनं विचारलं.

भोंगा झाला.
तिनं वही मिटली,
मानेवरचा घाम चिंधीनं टिपला.
मी पहिलं लेबल सुईखाली सरकवलं,
उलटं.