तीन दशांश ग्रॅम

ओरखडा काढता येत नाही.
ल लोक्लच्या या तळमजल्यावर बसून
तीस वर्षं मी हेच सांगत आलेय;
गिऱ्हाइकं मान हलवतात आणि म्हणतात, काढून टाका.
काढायचं असतं ते भोवतालचं पोलाद,
थेट ओरखड्याच्या तळापर्यंत.
खड्डा बुजत नाही,
सगळं गाव खड्ड्याच्या पातळीला उतरतं.

आन्सेल्म जाको दर नोव्हेंबरात येतो.
पोस्टातून निवृत्त. घड्याळ हप्त्यांवर घेतलेलं,
पगार पाकिटातून मिळायचा तेव्हाचं.
मनगटावरून उतरवतो
तेव्हा खालची कातडी फिकी, कुणी न पाहिलेली.

त्याच्या बकलावरचे ओरखडे मला पाठ आहेत.
टेबलाच्या कडेचे, बारीक, एकाच दिशेला निजलेले,
वाऱ्यानंतरच्या गवतासारखे.
एका वर्षी खोल होता: गॅरेजचं शटर.
एका वर्षी नातवाची सायकल.
ते सगळे पंख्यामागच्या पिशवीत गेले, काळी भुकटी होऊन.
सोन्याची भुकटी आम्ही झाडून, धुऊन परत मिळवतो,
ॲप्रनसुद्धा जाळतो तिच्यासाठी.
पोलादाची कुणी चौकशी करत नाही.

यंदाचे वेगळे होते.
मधल्या चकचकीत कड्यांवर, आडवे, आखूड,
पुन्हा पुन्हा तिथेच.
भिंग लावलं. "हिरा," मी म्हटलं.
तो खिडकीतून बर्फ ओढणारं यंत्र बघत होता.
"ओदेतची अंगठी.
मला ती आता ओळखत नाही. घड्याळ ओळखते.
मनगट धरून बसते, सोडत नाही."

मी भिंग खाली ठेवलं.
वाटलं, आता म्हणेल, राहू दे.
येतात तशी माणसं. चकाकी मागायला येतात,
कॉफी पितात आणि ओरखडे घेऊन परत जातात.
मीच विचारलं, "ठेवायचे का हे?"

"नको," जवळजवळ रागानेच.
"त्या कड्यांत ती चेहरा बघते. केस सारखे करते.
आता नीट दिसत नाही तिला,
म्हणून पुसायला जाते, जोरात,
आणि अंगठी…"
पुढचं त्याने बोटाने हवेत ओढून दाखवलं.

मी कॅलिपर लावलं.
आडवा धरला तर पट्टा लोंबतो आता, थकल्यासारखा;
पिना सैल, कडांची धार कधीच गेलेली.
ती धार मीच नेली, दर नोव्हेंबरात थोडी.
"कारखान्याकडे नवा पट्टा मिळेल."
"तो ओळखेल का ती?"
मला कसं ठाऊक असणार.
"अजून दोनदा," मी म्हटलं, "फार तर.
मग कड्या कागद होतील."
तो ओठ हलवत हिशेब करत राहिला,
टपालाचं वजन आणि अंतर जुळवणाऱ्याची जुनी सवय.
"दोनदा पुरेल."

बाजूच्या खरखरीत कड्यांवर चिकटपट्टी लावली.
नमद्याचं चाक, हिरवा साबण.
पोलाद तापतं, बोटांना आधी कळतं,
एका जागी थांबून चालत नाही.
पहिल्यांदा नुसतं धुकं.
मग खिडकीचा चौकोन.
मग माझा चष्मा, माझं नाक, पाच कड्यांत पाचदा,
आणि मी, छप्पन्न वर्षांची मार्लीझ,
टोपीतून सुटलेली बट आत सारली.

वजन घेतलं. आला तेव्हा एकसष्ट पूर्णांक चार.
आता एकसष्ट पूर्णांक एक.
वहीत लिहिलं.

जाताना त्याचं मनगट
दाराच्या पितळी मुठीवर आपटलं, टण्णकन.
आम्ही दोघांनी ऐकलं.
त्याने पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.
कोटाची बाही खाली ओढून
तो बर्फातून, जपून, चढण चढू लागला.
भेटीची वेळ तीन ते साडेचार.