रात्रीची लाईन

ह्या आठवड्याची लाईन रात्री बारा ते सकाळी आठ.
स्टार्टरचं बटण दाबलं की मोटार घसा खाकरते,
पाणी दांडानं गव्हाकडे निघतं
आणि मी पोत्यावरची गिटार उचलतो.

भाच्याची. तो नोकरीला लागला, ही खुंटीला लागली.
पिशवीत नको ठेवू, म्हणाले रेवाराम उईके
(बँड पार्टीत ऑर्गन वाजवतात, लग्नं नसली की मोकळे),
चेन उघडाचा आळस येते माणसाले,
डोळ्यासमोर पाह्यजे, फावड्यासारखी.

एक सारा भरायला बारा-तेरा मिनिटं.
तेवढ्यात एकच काम: जीवरून सी.
बोटं उचलायची, ठेवायची,
उचलायची, ठेवायची.
गाणं नाही. गाण्याचं नावही नाही.
पाणी धुऱ्याला टेकलं की उठायचं,
हे तोंड बुजवायचं, ते फोडायचं,
हात पुसून परत.
दुसऱ्या साऱ्यालाही तेच.
तिसऱ्याला डी, पण हळू.

घट्टे आहेत माझ्या हाताला, वीस वर्षांचे,
पण चुकीच्या जागी, तळव्यावर.
तारेला लागतात बोटांची टोकं
आणि ती माझी निघाली
मास्तरच्या पोराच्या गालासारखी.

स्टार्टरच्या पेटीखाली भिंतीवर
रोज ओल्या मातीचा एक अंगठा उठवतो.
पौषात सव्वीस.
मधे चार दिवस भिंत कोरी: साळ्याचं लग्न.
पाचव्या रात्री बोटं मला ओळखेनात.

रानडुकरं सुरुवातीला आवाजानंच पळायची.
बायको म्हणे, नीट नोका शिकू,
हरभरा वाचून राह्यला.

मग एका सोमवारी वेळापत्रक फिरलं,
लाईन दिवसाची झाली.
दिवसा धुऱ्यावरून शाळेची पोरं जातात.
दिवसा कोण वाजवेल!
रात्री जेवून आडवा झालो
आणि बारा वाजता डोळे आपोआप उघडले.

गेलो.
मोटार गप्प. दांड कोरडा.
जी छेडला,
पाचवी तार गोमाशीसारखी भणभणली.
परत छेडला. परत भणभणली.
म्हणजे दोन महिने ती अशीच वाजत होती
आणि मोटार माझी लाज झाकत होती.

बोट सरकवलं पडद्याकडे, दोन गव्हांएवढं.
भणभण थोडी बसली. पुरती नाही.
मग कोरड्या साऱ्यात मनातल्या मनात पाणी सोडलं,
ते धुऱ्याला पोचेपर्यंत
फक्त ती एक तार.

नाल्यापलीकडे तुळशीराम भोयरची बॅटरी हलली.
लाईन आली काय बे?
नाही आली.
मंग काहून वाजवून राह्यला?
मी तं उठून मोटारीपाशी आलो ना!

झोप तू, म्हटलं.
बॅटरी जरा वेळ तिथंच राहिली, जमिनीकडे तोंड करून.
माझं पाणी अजून अर्ध्या साऱ्यातच होतं.