चौथं वाक्य

दिवाडीच्या धक्क्यावर तीन रात्री कॅमेरा लावला.
एर्मेलिंदा, वय एकाहत्तर,
शेवटची फेरी लागेपर्यंत
खुरसापुढची मेणबत्ती विझू देत नाही.
वारा आला की ओंजळ धरते,
आणि त्याच तोंडानं फेरीवाल्याला
उशीर केला म्हणून शिव्या घालते.

फादर म्हणाले होते, शेवटी काही संदेश असू दे.
मी निवेदन लिहिलं, श्रद्धेवर चार वाक्यं.
शाणूनं कानावरचे हेडफोन काढले :
"हें तूं कोणाक सांगता?"

पहिलं वाक्य काढलं. चित्राला काही झालं नाही.
दुसरं, तिसरं.
चौथं माझं लाडकं.
त्याच्यापाशी चहा निवला.

आता नुसतं इंजिन पाण्यावर,
तिचा खोकला, बोटांवर थिजलेलं मेण.
फेरीतून एक जण उतरतो,
काखोटीला बांगड्यांची पिशवी,
वाकतो, तिच्या मेणबत्तीवर विडी पेटवतो
आणि जाता जाता
क्षणभर तोही ओंजळ धरतो.

फादरनी दोनदा पाहिलं.
संदेशाचं काही विचारलं नाही.
खिडकीबाहेर बघत म्हणाले,
तो विडीवाला... रोज येतो का?