अंड्यांना रकाना नाही

तक्रार क्रमांक एकशे बारा.
उत्तरेश्वर पेठ, बोळाच्या टोकाचं घर.
विषय : कोंबड्या, एक शेळी व त्यांचा उपद्रव.
'उपद्रव' साहेबांनी पेनानं वरून घातलेला,
बाकीचं मी टेप घेऊन मोजायचं.

हलीमा शिकलगार दार उघडतात, हाताला कोंडा.
भिंतीवर महापुराची रेघ, माझ्या खांद्याला लागेल इतकी,
रेघेखाली पोपडे, रेघेवर कॅलेंडर.
परसात न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू,
आणि शेवग्याला बांधलेली शेळी
माझ्या फाईलची दोरी चघळायला लागते.
"असू दे साहेब, तिला कागद वाचायची सवय आहे."

खुराड्यापासून शेजारची भिंत
दहा फूट पाहिजे, असं कागद म्हणतो.
टेप म्हणतो नऊ फूट चार इंच.
"वीतभर सरकून घे गं,"
हलीमाबी भिंतीला सांगतात.

भिंतीपलीकडं तक्रारदार, युवराज केरबा आवळे.
शिरोलीच्या फौंड्रीत तिसरी पाळी,
सकाळी घरी येतो तो डोळ्यांत वाळू घेऊन.
पाठ टेकतो न टेकतो
तोच पाटील कौलावर चढून भाषण सुरू करतात.
(पाटील म्हणजे कोंबडा. नाव हलीमाबींनी ठेवलेलं,
मी नोंदीत घेतलेलं नाही.)

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही रे."
"उजाडू दे की चाची, सूर्याविरुद्ध कुठं अर्ज केलाय मी?
मला दुपारपर्यंत फक्त निजू दे."

ह्याच कोंबड्यांच्या आज्या
पुरात ह्याच्याच गच्चीवर होत्या,
पाच दिवस, पाण्याच्या टाकीमागं.
हे दोघंही मला सांगत नाहीत,
सांगते ती समोरच्या घरातली पोरगी :
लाईट नव्हती, फोन मेलेले,
तेव्हा युवराजदादाच म्हणायचा,
ओरड बाबा, वाजले किती ते तरी कळंल.

नोटीस. सात दिवसांत हटवावे.
हलीमाबींना चष्मा सापडत नाही, मीच वाचून दाखवतो.
ऐकून घेतात. मग म्हणतात, इकडं बसा जरा.

टोपलीत खुडूक कोंबडी.
पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून,
असली बैठक मी कुठल्या साहेबाचीही पाहिलेली नाही.
तिच्या पोटाखालून त्या एक अंडं काढतात, बारा दिवसांचं,
मागनं मोबाईलची बॅटरी लावतात.
आत तांबड्या सुताचा गुंता,
आणि मधोमध काहीतरी
दचकतं.

"हिला एकवीस लागतात. सातात बसवा म्हणून
हिला कुणी सांगायचं, तुम्ही का मी?"

अठरा वर्षं मोजतोय मी,
गटारं, टपऱ्या, पुढं काढलेले कठडे.
मोजायला गेलेलं काही
माझ्यामुळं दचकलेलं आठवत नाही.

फॉर्म भरला.
कोंबड्या आठ, कोंबडा एक. मर्यादा दहा.
शेळी एक. गाभण वाटली, विचारलं नाही.
अंडी अकरा,
पण अंड्यांना रकाना नाही.
आज हे घर नियमात आहे.
नऊ दिवसांनी, सगळी फुटली तर, वीस.
तारीख आजची धरायची
का तिची?

खुराडं सरकवायला युवराज बनियनवरच उतरून आला.
वीतभरच, पण खालची फरशी पुरातली, हलता हलेना.
टोपली मी उचलली,
खुडकीनं अंगठ्याचं टवकं काढलं.
पाटलांना रात्री न्हाणीत कोंडायचं, वर पोतं टाकायचं,
असं तिघांत ठरलं.
पाटील बैठकीला हजर नव्हते.

शेरा : अंतर पूर्ण. फेरतपासणी पुढील महिन्यात.
बोळ ओलांडल्यावर बघतो तर
फाईलची दोरी निम्मी गेलेली.
एकशे बारा अजून उघडीच आहे.
बांधायला काही उरलेलं नाही.